पळीभर तीर्थ

वैजूला आम्ही अमळनेरहून धुळ्याला आणलं, ते एक्याण्णव साल. माझ्या भावाची, लोटनची, ही सहा वर्षांची लेक; मी तिची फुई, म्हणजे आत्या. लघवीच्या पिशवीत, मूत्रपिंडाची नळी उघडते तिथं, तिला जन्मापासून एक फुगा होता. सारखा ताप यायचा. पोट न फाडता, लघवीच्या वाटेनंच दुर्बीण घालून तो टोचणारे डॉक्टर मुंबईहून महिन्यातून एकदाच यायचे. एक मूत्रपिंड आधीच थकलेलं. त्या दिवशीची पाळी हुकली तर ते महिनाभर तग धरेल का, हे कुणी सांगत नव्हतं.

नऊ वाजता नर्सनं विचारलं, "रात्रीपासून पोरीला काही दिलं?"

"काहीच दिधं नही," माझी भावजय सुनंदा म्हणाली.

"पाणी? पोटात पाणी असलं, तर भुलीत ते श्वासात जातं."

"थेंबभी नही."

माझ्या हातातली माळ थांबली. पहाटे सहाला खाटेशीच मी बाळकृष्णाची पूजा केली होती. वैजूनं रोजच्यासारखा हात पुढे केला आणि मी रोजच्यासारखं पळीभर तीर्थ दिलं. निर्जळी उपासातही मी तीर्थ घेते, त्यानं उपास मोडत नाही. ते पाणी आहे, हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

"मी दिलं," मी म्हणाले.

सुनंदा माझ्याकडे बघतच राहिली. "अक्का, तुम्ही?"

भूल देणाऱ्या बाई आल्या. "किती दिलं?"

"पळीभर."

"त्यात दूध, दही?"

"नाही. पाणी आणि तुळशीचं पान."

"पान गिळलं का हिनं?"

"मी चावीसन खाधं," वैजूच म्हणाली.

बाई आत जाऊन डॉक्टरांशी बोलून आल्या. "हिला शेवटी घेऊ. एक वाजता. तोवर देवसुद्धा द्यायचा नाही."

सुनंदा वैजूला मांडीवर घेऊन माझ्याकडे पाठ करून बसली. मी जप करत होते, पण मणी पुढे सरकत नव्हते.

एक वाजता वैजूला आत नेलं आणि अर्ध्या तासात ती बाहेर आली. सुनंदानं फ्रॉक वर करून पाहिलं. पोटावर एक टाका नव्हता. लावलेल्या रबरी नळीतून खाटेला टांगलेल्या पिशवीत लघवी उतरत होती. फुगा बसला, मूत्रपिंडाची वाट मोकळी झाली, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या सकाळी पूजा झाली. वैजूनं हात पुढे केला आणि मागे घेतला.

"फुई, बाईले इचारं का?"

मी पळी तशीच हातात धरून उठले. दारापर्यंत गेले, तशी मागून सुनंदा म्हणाली, "मालेभी तीर्थ चाली का, तेभी इचारी या, अक्का."