आमचं ध्यान

आपल्या पोराचं आपल्याच तोंडाने कौतुक करायचं नाही, हा आमच्या घरातला कायदा. केला कुणी? तर आमच्या डॉक्टरांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने. श्रीकांत साताऱ्याहून लेस्टरच्या हॉस्पिटलात आले, कान-नाक-घशाचे कन्सल्टंट झाले, पण तिकडून आणलेल्या या कायद्याची घडी काही मोडली नाही. क्षितिजला शाळेत सगळ्या विषयांत 'ए' मिळाले, तेव्हा मंडळाच्या गणपतीत हे सांगत होते, "सुटलं एकदाचं आमचं ध्यान."

ध्यान पुढे बास्केटबॉलमध्ये शिरलं. युनिव्हर्सिटीच्या टीमसाठी आधी फुकटात बॉलच्या पिशव्या उचलल्या, मग घामट जर्सी धुतल्या, मग मिनीबस चालवली आणि तेव्हा कुठे असिस्टंट कोच झालं. यांना शिडी कळते ती फक्त हॉस्पिटलची: खाली रजिस्ट्रार, वर कन्सल्टंट. "म्हणजे अजून रजिस्ट्रारच. कन्सल्टंट कधी होणार?" असं दर रविवारी जेवताना विचारायचे. पोरगा आपल्या मोडक्या लेस्टरी मराठीत माझ्याजवळ कुरकुरायचा, "आई, बाबा मला कधी वेल डनपण नाही म्हणाला."

२००६ च्या वसंतात हेड कोच अमेरिकेला परत गेले. क्षितिजने त्या जागेसाठी इंटरव्ह्यू दिला. ही जागा हुकली तर कोचिंग सोडून मुकाट बँकेत चिकटतो, असं त्याने सांगून टाकलं. बँकेत हा पोरगा कोमेजून जाणार हे मला दिसत होतं.

त्या शनिवारी आम्ही मॅचला गेलो. मध्यंतरात स्पोर्ट्स डायरेक्टर हॅरिस कागदी कपातला चहा घेऊन आमच्या शेजारी टेकले.

"क्षितिज टीम सांभाळेल, असं वाटतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"छे, छे," हे हसत म्हणाले. "अजून पुष्कळ शिकायचंय त्याला. स्वतःची खोली आवरता येत नाही, टीम काय आवरणार?"

हॅरिस गंभीरपणे मान हलवून उठले. मी यांच्या पायावर पाय दिला, पण यांचे बूट चांगल्या जाड चामड्याचे.

गाडीत मी तोंड उघडलं. "अहो, इंग्रज माणसाला नको म्हटलं की तो दुसऱ्यांदा विचारत नाही. जेवायला वाढतानासुद्धा नाही."

"काहीतरीच तुझं. कुठला बाप स्वतःच्या मुलाची स्तुती करतो?"

"इथला प्रत्येक. आपला शेजारी तर मांजराचीही करतो."

यांचा चेहरा खर्रकन उतरला. घरापर्यंत गाडी तिसऱ्या गिअरमध्येच आली.

सोमवारी रजा टाकून, सूट चढवून हे हॅरिसच्या ऑफिसात हजर. मी सोबत, कारण यांच्यावर माझा भरवसा नव्हता. बसा म्हटलं तरी हे उभेच. घसा खाकरून सुरू झाले, "सत्तावीस वर्षांचा पुरुष. शाळेपासून बास्केटबॉलची तक्रार. इतर प्रकृती उत्तम." राउंडवर पेशंटची केस सांगतात तशी. स्तुतीची भाषाच नव्हती हो या माणसाकडे. हॅरिस पेन खाली ठेवून ऐकत होते.

मग हे अडले. रुमालाने कपाळ पुसलं.

"हे बघा," हे म्हणाले, "एखाद्या मुलाचा नेम चुकला की सगळे स्कोअरबोर्डकडे बघतात. माझा मुलगा त्या मुलाकडे बघतो. मी जन्मभर लोकांचे कान तपासले, पण इतकं नीट मी कुणाचं ऐकलं नाही. त्याच्या कामात तो माझ्यापेक्षा चांगला आहे."

मला रडूच आलं. इतक्या वर्षांच्या संसारात यांच्या तोंडून असलं वाक्य ऐकलं नव्हतं, माझ्या पुरणपोळीबद्दलसुद्धा.

"डॉक्टर," हॅरिस म्हणाले, "आम्ही वडिलांना विचारून नेमणुका करत नाही. शनिवारी मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं. क्षितिजला ती जागा आज सकाळीच दिली. तो तुमच्या मागेच उभा आहे."

आम्ही वळलो. दारात क्षितिज. खांद्यावर बॉलची पिशवी, अर्धा शर्ट बाहेर. किती वेळ उभा होता देव जाणे.

"बाबा, हे सगळा माझ्याबद्दल बोलत होता?"

हे लालबुंद झाले आणि झटकन मराठीत आले. "लोकांच्या ऑफिसात असं येतात? आधी शर्ट खोच."

क्षितिजने मुकाट्याने शर्ट खोचला. मग डोळे पुसायला परत बाहेर काढला.