नालबंद्यान, दबाग्यान आणि वेसकर

मी सखाराम अजिंठेकर. हे आडनाव बापजाद्यांचं नाय, मी राजपत्रात छापून घेतलेलं आहे. खरं आडनाव वेसकर. माझा आजा अजिंठा गावाची वेस राखायचा, त्याच्या आधी त्याचा बाप राखायचा. गावात कोण आलं, कोण गेलं, कोणाचं ढोर चुकलं, सगळं त्याला ठाऊक. पण गावात कोणाच्या ओसरीवर टेकायची त्याला मुभा नव्हती. वेसकर म्हटलं की आमच्याकडं समोरचा पुढचं काही विचारत नाय. त्याला जे कळायचं ते कळलेलं असतं.

पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून लागलो तेव्हा शहरात खोली शोधत फिरलो. तिघांनी पूर्ण नाव विचारलं आणि तिघांचीही खोली आदल्याच दिवशी दिलेली निघाली. तेही गिळलं. पण माझी लेक अमृता चौथीत असताना मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली आणि घरी येऊन म्हणाली, "पप्पा, सगळ्यांना स्टीलच्या ताटल्या दिल्या, मला एकटीलाच कागदाची. मी लहान म्हणून का?" माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि घरातल्या तिघांच्याही नावबदलाचे अर्ज भरून आलो.

अजिंठेकर! काय रुबाब होता त्या नावाला. लोक विचारायचे, "लेण्यांकडचे का? देशस्थ?" मी नुसता हसायचो. हो म्हणालो नाय, पण नायही म्हणालो नाय. ऑफिसच्या फोनवर जय भीम म्हणायचं सोडलं, नमस्कार म्हणायला लागलो. पुढं पुंडलिकनगरात फ्लॅट घेतला, दारावर पितळी पाटी लावली. बायको, पारू, एवढंच म्हणाली, "तुमच्या आज्याला हे घर सापडायचं नाय." मी तिच्यावर खेकसलो.

अमृताला डॉक्टर व्हायचं होतं. इथं सीट मिळाली नाय, म्हणून आर्मेनियाला धाडली, येरेवानला. तो देश नकाशात कुठं आहे हे मला आदल्या आठवड्यात कळलं होतं. पोरगी तिथं एका म्हातारीच्या घरात खोली घेऊन राहिली. दर रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. पहिल्याच कॉलला म्हणाली, "पप्पा, एक गंमत. आमच्या घरमालकीण आजींचं आडनाव नालबंद्यान. ओळखा अर्थ!"

"अगं, नालबंद! घोड्याला नाल ठोकणारा!"

ती हसून हसून लोळली. मला न कळायला काय झालं? आपला मुलूख निजामाचा, असले शब्द आज्याच्या तोंडून ऐकतच मोठा झालो. आर्मेनियावर इराण्यांनी आणि तुर्कांनी राज्य केलं, आपल्यावर निजामानं. शब्द दोघांकडं तेच राहिले. अमृतानं सांगितलं, शेवटी 'यान' लागलं की त्या घरातला माणूस. नालबंद्यान म्हणजे नालबंदाच्या घरातले.

मग तो आमचा खेळच झाला. दर रविवारी ती एक आडनाव आणायची. जरगर्यान. "सोनार!" मी ओरडायचो. तेर्झ्यान. "दर्जी असणार!" दार्बिन्यानला मात्र अडलो, तो त्यांच्या भाषेतला लोहार निघाला. मी एक वही केली, त्यात सगळी नावं अर्थासकट लिहून ठेवायचो. पारू चहा ठेवता ठेवता म्हणायची, "बापलेकीला दुसरा उद्योग नाय." माझ्या आयुष्यात त्याहून चांगले रविवार आले नाय.

चौथ्या वर्षाला, ऑक्टोबरातल्या एका रविवारी ती खेळ खेळलीच नाय. सरळ म्हणाली, "पप्पा, आमचे सर्जरीचे सर आहेत ना, त्यांचं आडनाव दबाग्यान."

"दबाग? कातडं कमावणारा?"

"व्हय. आणि केवढे मोठे सर्जन आहेत, पप्पा! केबिनवर पाटी तीच. मी विचारलं, सर, कधी बदलावंसं नाय वाटलं? त्यांना प्रश्नच कळेना."

पोरगी कुठं चालली हे मला कळायला लागलं होतं.

"आणि नालबंद्यान आजी सांगत होत्या, त्यांच्या आजोबांचे भाऊ तुर्कस्तानात राहिले. तिथं 'यान' लावायला बंदी आली, त्यांनी नाव टाकलं. आजींच्या घरच्यांनी जन्मभर शोधलं, पण ते घर काही सापडलं नाय. पप्पा, मला डिग्रीवर वेसकर लावायचंय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "अक्कल गहाण टाकलीस का? त्यांच्याकडं कातडं कमावणं हा धंदा होता, आपल्याकडं वेस राखणं ही जात आहे! तुझ्या त्या सरांना कोणी कागदाच्या ताटलीत वाढलं व्हतं का?"

"म्हणूनच लावायचंय, पप्पा. लाज त्यांना वाटू दे ना. आपण का?"

ती बरोबर बोलत होती. म्हणूनच मला जास्त झोंबलं असणार. मी म्हणालो, "ते नाव लावायचं असेल तर माझ्या दारात पाय ठेवू नकोस." हे मी बोललो. या तोंडानं. पारू मागून "अहो, अहो" करत होती, तोवर मी फोन बंद केला.

पुढच्या रविवारी वाटलं, ती करेल. तिला वाटलं असेल, पप्पा करतील. आईला ती रोज निरोप धाडायची, त्यात शेवटी असायचं, "पप्पांनी बीपीची गोळी घेतली का?" मी ऐकायचो आणि मूग गिळून बसायचो. बापानं आधी फोन करायचा का, हा माझा ताठा. अकरा रविवार गेले. अकरा! वही टेबलावर तशीच पडलेली.

बारावा रविवार यायच्या आधीच, जानेवारीतल्या गुरुवारी, तिथून फोन आला. रस्त्यावर बर्फ होता, गाडी घसरली, ती बसस्टॉपवर उभी होती. एवढंच.

चौदा दिवसांनी पेटी आली. पेटीवरच्या कागदावर लिहिलेलं, अमृता सखाराम अजिंठेकर. दारात पाय ठेवू नकोस म्हणालो होतो. पोरीनं ठेवला नाय, तिला चौघांनी उचलून आत आणलं.

महिन्याभरानं नालबंद्यान आजींनी तिची बॅग धाडली. पांढरा कोट, पुस्तकं, बंद पडलेला मोबाइल, एक निळी फाईल. फाईलमध्ये राजपत्राचा अर्ज होता. तिनं सगळा भरलेला. जुनं नाव अजिंठेकर, नवीन नाव वेसकर. कारण या रकान्यात लिहिलेलं, 'हे आमच्या घराचं नाव आहे.' खाली सही. वर एक पिवळी चिठ्ठी डकवलेली. 'पप्पा हो म्हणाले की पाठवायचा.'

सज्ञान पोरगी. माझी परवानगी लागतच नव्हती. आणि माझ्या एका 'हो'साठी ती थांबून राहिली होती.

पारू पदर तोंडात कोंबून रडली. मी अर्ज उचलला आणि चप्पल घालून निघालो. डिग्री नाय तर नाय, मृत्यूच्या दाखल्यावर तरी तिचं नाव तिला हवं तसं लागलं पाहिजे. दुसरं काही करायला मला जागाच उरली नव्हती.

कोपऱ्यावरच्या सेवा केंद्रात मोनाली नावाची मुलगी बसते. तिनं अर्ज पाहिला, पटापट टाईप केलं आणि म्हणाली, "काका, ताईंच्या मोबाइलवर ओटीपी गेलाय. सांगता का?"

मी म्हणालो, "ताई वारली."

तिचे हात थांबले. हळूच म्हणाली, "मग नाय होत, काका. अर्जदार हयात पाहिजे."

तीस वर्षं मी खिडकीच्या आतून लोकांना हेच सांगत आलो. अर्जदाराला घेऊन या. सही जुळत नाय. उद्या या. एका शब्दानं वाद घालायचा मला हक्क नव्हता.

पोरगी बिचारी माझं तोंड बघून घाबरली असणार. म्हणाली, "काका, तुमचं स्वतःचं बदलता येईल की. तुम्ही वेसकर झालात तर ताईंची इच्छा थोडी तरी पुरी होईल. आधार आणलंय ना?"

आणलं होतं. तिनं नवा अर्ज उघडला. जुनं नाव, सखाराम अजिंठेकर. नवीन नाव, सखाराम वेसकर. माझ्या मोबाइलवर सहा आकडे आले. मोनाली म्हणाली, "सांगा."

मी आकड्यांकडं बघत बसलो. अजिंठेकर हे नाव कोणाचंच नाय. आज्याचं नाय, बापाचं नाय. ते मी केलं, एका अर्ध्या रजेत. ते लावणारी माणसं तीन, मी, पारू आणि ती. मी वेसकर झालो की पारूही होणार. ती तर कधीची वाटच बघत बसलीय. मग दाखल्यावर अमृता अजिंठेकर एकटीच. जिला त्या नावातून बाहेर पडायचं होतं तीच तेवढी आत राहणार, आणि ज्यानं तिला आत घातलं तो बाहेर. शंभर वर्षांनी कोणी विचारलं, ही कोणाच्या घरातली, तर त्या नावाचं घरच कुठं नसणार.

"काका, आकडे? टाइम संपतोय."

"राहू दे, बाई," मी म्हणालो.

घरी आलो. पारूनं दार उघडलं, माझ्या हातातल्या कागदाकडं बघून विचारलं, "झालं का तिचं नाव?"

मी मान हलवली. नाय.

"आणि आपलं?"

"आपण अजिंठेकरच," मी म्हणालो. "पोरीला सोबत नको का?"