धोंडप्पा गुरुजींचे सदतीस

शिरूर अनंतपाळकडची गोष्ट. गावाचं नाव कशाला घ्या, उगं कुणाचं तरी पोट दुखायचं. तिथल्या दहा शाळांचे चाळीस शिक्षक लॅपटॉपच्या ऑनलाइन परीक्षेला बसले. एकोणचाळीस जणांना शंभरपैकी शंभर! एकटे धोंडप्पा गुरुजी नापास. गुण बावीस. कारण काय, तर ह्या येड्या माणसानं परीक्षा स्वतः दिली.

बाकीच्यांनी एसटी स्टँडसमोरचं पाशामियाँचं ऑनलाइन सेंटर गाठलं होतं. पासवर्ड सांगायचा अन् शेजारच्या टपरीवर चहा प्यायचा. चहा संपायच्या आत प्रमाणपत्र हातात. पाशामियाँनी गुरुजींनाही समजावून पाहिलं, "पाच मिनटाचं काम हाय गुरुजी, कायको हट्ट करून राहिले?"

"माझी परीक्षा तू कशी देशील रं?" गुरुजी म्हणाले अन् घरी गेले.

एकतीस वर्षं त्यांनी कॉपी करणारी पोरं बाकावर उभी केली होती. जेमतेम गुण मिळवणाऱ्यांनाही सोडलं नाही. "काठावर पास! लाज वाटती का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मागच्याच आठवड्यात सातवीतली साक्षी गणितात छत्तीस गुण घेऊन आली, तेव्हा तिलाही हेच ऐकवलं होतं. पोरगी रडत जागेवर गेली होती.

आता शिक्षकांच्या ग्रुपवर यादी फिरली. तळाला धोंडप्पा, अनुत्तीर्ण. गुरुजींना भाकरी गोड लागेना. पुन्हा नापास झाले तर सेवापुस्तकात शेरा पडणार होता, अन् तोही निवृत्तीला सहा महिने उरलेले असताना.

नापासांसाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. नापास एकच, अन् शिकवायला शंभर गुणवाले व्यंकटी सर. सरांनी डिजिटल युगावर तासभर भाषण ठोकलं.

"आता चालू करून दाखवा, सर," गुरुजी म्हणाले.

व्यंकटी सरांनी लॅपटॉप उघडला, चहूबाजूंनी न्याहाळला, एक बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. सरांना घाम फुटला. उठून त्यांनी दार लोटलं.

"गुरुजी, तुमच्यापासून काय लपवायचं? माझी परीक्षा पाशामियाँनीच दिली."

गुरुजींना आधी हसू आलं, मग बिचाऱ्याची कीव आली. त्यांनी पिशवीतून टाचणवही काढली. वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'भिंतीवरील बटण प्रथम दाबावे. नंतर लॅपटॉपचे. मग धीर धरावा.'

तीन दिवस दोघं त्या वहीवर डोकं घालून बसले. कोण कुणाला शिकवून राहिलं, ते देवालाच ठाऊक. परीक्षेच्या दिवशी सरांनी हळूच विचारलं, "पाशामियाँला फोन लावू का?" गुरुजींनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं. फोन मुकाट खिशात गेला. गुरुजींनी एकेक उत्तर निवडलं. निकाल लागला. पस्तीसला पास, गुरुजींना सदतीस.

महिन्यानं कार्यक्रम झाला. शाल, नारळ अन् 'कच्च्या शिक्षकाला घडवणारे मार्गदर्शक' म्हणून व्यंकटी सरांचा सत्कार! पुरावा म्हणून गुरुजींना शेजारी उभं केलं. खालून सगळ्या शंभर गुणवाल्यांनी टाळ्या पिटल्या. गुरुजींना राग आला, लई आला. पण व्यंकटी सरांची मान इतकी खाली गेली होती, की गुरुजींनी तो राग गिळला.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी आपलं प्रमाणपत्र वर्गाच्या भिंतीवर चिकटवलं. पोरं गोळा झाली. साक्षीनं वाचलं.

"सदतीस? म्हंजे काठावर पास, गुरुजी?"

गुरुजी वर्गाकडं वळले.

"हाव," गुरुजी म्हणाले.

"सोताचे हायत का?"

"सोताचे हायत, बाई."

"मंग लाज कशाची?" साक्षी म्हणाली अन् जागेवर जाऊन बसली.