पोटातला पीळ

सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंनी मुलीच्या पोटावर जेल पसरलं आणि कुठे दुखतंय ते बोटाने दाखवायला सांगितलं. मुलीने आधी आईकडे पाहिलं, मग बेंबीवर बोट टेकवलं.

वर्षभर हेच चाललंय, आई सांगू लागली. शाळेची वेळ झाली की पोट दुखणार, एखादी उलटी होणार आणि दुपारी बाईसाहेब उड्या मारायला मोकळ्या. दोनदा तपासण्या केल्या, काही निघालं नाही. म्हणून आज दुखत असतानाच तिला शाळेत पाठवलं, तर दुसऱ्या तासाला हिरवी उलटी झाली आणि शाळेतून बोलावणं आलं.

"नाटकं करायची सवयच लागलीय," आई हळू आवाजात म्हणाली.

डॉक्टरीणबाई मात्र 'हिरवी' या शब्दापाशीच अडल्या होत्या; हिरवी म्हणजे पित्ताची, आतडं कुठेतरी अडल्याची खूण. आतड्यांतल्या हवेने पडदा धुरकट दिसत होता. हलक्या हाताने दाबत त्यांनी हवा बाजूला सारली, आणि रक्तप्रवाहाचे रंग चालू केले. लाल पट्ट्याभोवती निळा पट्टा गरगर गिरकी घेत होता. बारा वर्षांत हे चित्र त्यांनी फक्त पुस्तकांत पाहिलं होतं. एका हाताने पोटावरचा प्रोब तसाच धरून त्यांनी सर्जनना फोन लावला.

"लहान आतड्याला पीळ पडलाय, सर. रक्तपुरवठा अजून चालू आहे. लगेच ऑपरेशनला घ्या."

आईचा चेहरा उतरला. आतडं जन्मापासूनच नीट बसलेलं नाही, डॉक्टरीणबाईंनी समजावलं. ते मधूनच पिळतं, आपोआप सुटतं, म्हणून आधी सापडलं नाही. आज सुटत नाहीये.

"म्हणजे आहे ना काहीतरी?" मुलीने विचारलं.

"आहे, बाळा."

तेवढ्या कळांतही मुलगी हसली.

दुपारी सर्जनचा फोन आला. पीळ सोडवल्यावर जांभळं पडलेलं आतडं पाहता पाहता गुलाबी झालं होतं. कुठे कापावं लागलं नव्हतं. बाहेर पेशंटची रांग असताना डॉक्टरीणबाईंनी खोलीतल्या खोलीत दोन फेऱ्या मारल्या, मगच पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आठवड्याने आई एकटीच दारात उभी राहिली. तिला त्या चित्राची एक प्रत हवी होती.

शाळेत दाखवायला का, असं डॉक्टरीणबाईंनी हसत विचारलं.

"नाही, मलाच हवीय." आईने हातात आलेला कागद उलटसुलट करून पाहिला. "यात नेमकं कुठे बघायचं, तेवढं सांगून ठेवा."