फुंकणीची अप्रसिद्धी

मैमुना सोलकरने आयुष्यभर माणसं, वस्तू आणि इमारती प्रसिद्ध करण्याचं काम केलं. बाप रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासेमारीच्या ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, होता. लेक मात्र बोट चालवण्यापेक्षा बोटीबद्दल बोलण्यात तरबेज निघाली. कॉलेज संपल्यावर ती मुंबईला एका हॉटेलच्या जनसंपर्क विभागात लागली, तिथून दुबईला एका विमान कंपनीत गेली आणि तिथे तिचं मोठं नाव झालं. एकदा त्या कंपनीने प्रवाशांच्या बॅगा भलत्याच देशात पाठवल्या. साहेब म्हणाले, "तांत्रिक अडचण आली असं लिहा." मैमुनाने लिहिलं, "चूक आमचीच. बॅगा सुखरूप आहेत, फक्त कैरोत आहेत." लोक हसले आणि भांडायचे विसरले. खोटं छापायला द्यायचं नाही, एवढा एकच नियम तिने पाळला. त्यामुळे तिचा फोन आला की पत्रकार हातातला चहा ठेवून उचलायचे.

साठी जवळ आली तशी ती रत्नागिरीला परतली. भाट्याच्या खाडीपलीकडे आपल्या वाडीत तिने घर बांधलं आणि सगळ्यांना सांगून टाकलं, "आता मी कोणालाही प्रसिद्ध करणार नाही."

तरी शाळेतली मैत्रीण कमळा एक दिवस पदर खोचून दारात उभी राहिलीच.

वाडीच्या खाली समुद्रालगतच्या कातळात एक भोक आहे. भरतीला त्यातून पाणी उसळतं आणि चूल फुंकल्यासारखा आवाज येतो, म्हणून वाडीत त्याला फुंकणी म्हणतात. कोणा पाहुण्याने त्याचं रील टाकलं आणि मुंबई-पुण्याच्या गाड्या कमळाच्या माडांखाली लागायला लागल्या. भरतीला आलेली माणसं ओहोटी लागली तरी हलत नसत. कातळावर बसून वेफर्स खात, पिशव्या तिथेच टाकत. आणि ओहोटीलाच तर वाडीतल्या बायका त्या कातळाला चिकटलेली कालवं कोयत्याने फोडून काढायच्या.

"काल एकीने मला बाजूला व्हायला सांगितलंन," कमळा म्हणाली. "तिच्या फोटोत मी येत होते म्हणे. कळायला लागल्यापासून मी तिथे येतेय गो!"

"वाट बंद करा की."

"दोरी बांधली. आता दोरीबरोबर फोटो काढतात. तू गोष्टी प्रसिद्ध करतेस ना? मग ही उलट करून दे."

"असं उलट नाही करता येत, कमळा."

"तिथे भूत आहे म्हणून सांग."

"खोटं मी सांगत नाही. आणि भूत म्हटलंस तर रात्रीही येतील."

पण गोष्ट तिच्या मनात शिरली. रात्रभर विचार करून तिने फुंकणीबद्दल एक खरंखुरं पत्रक लिहिलं. 'येथे एक भोक आहे. त्यातून कधी पाणी येते, कधी येत नाही. कातळ निसरडा आहे. शौचालय नाही. वडापाव नाही. उन्हाला सावली नाही.' सकाळी ते तिने ओळखीच्या पत्रकारांना पाठवून दिलं.

पत्रकारांना ते भलतंच आवडलं. एकाने मथळा दिला, 'कोकणातली सर्वांत प्रामाणिक जागा.' पुढच्या रविवारी गाड्या दुप्पट झाल्या आणि वडापाववालाही आला.

कमळा माडांखालच्या गाड्या मोजायला लागली. मैमुनाच्या उभ्या कारकिर्दीत यशाची लाज वाटण्याची ती पहिलीच वेळ.

त्याच आठवड्यात वाडीत एक बारसं होतं. पेढे वाटून झाले आणि कोणीतरी चुकून म्हणालं, "आप्पा, दोन शब्द बोला." आप्पा पंचायतीतून निवृत्त झालेले कारकून. माणूस निर्मळ, आवाज खणखणीत, पण सुरुवात केली की थांबणं नाही. बाळाच्या नावावरून ते नक्षत्रांवर गेले, नक्षत्रांवरून शिवकाळातल्या आरमारावर. कोणाला दूध तापवायचं आठवलं, कोणाला एसटी. आरमार विजयदुर्गला पोचेपर्यंत मांडवात बाळ, बाळाची आई आणि मैमुना एवढेच उरले.

बाळ झोपलं होतं. मैमुना मात्र डोळे विस्फारून बघत होती. आख्ख्या दुबईत तिला असा माणूस भेटला नव्हता.

"आप्पा," ती म्हणाली, "फुंकणीवर येणाऱ्यांना जागेची माहिती द्याल का?"

"मी? माहिती?" आप्पांनी सदरा सारखा केला. "अगो, मला आजवर कोणी विचारलंनच नाही!"

कमळाच्या माडांखाली मांडव पडला. पाहुण्यांचं हसून स्वागत, हातात कोकम सरबत, बसायला खुर्ची आणि वर पाटी: 'आधी माहिती, मग फुंकणी.' फुकट सरबत आणि प्रेमाने दिलेली खुर्ची कोण नाकारणार? लोक ऐटीत बसले. आप्पांनी घसा साफ केला. "मित्रहो, सुरुवातीला पृथ्वी अत्यंत तप्त होती."

ती थंड होईपर्यंत पहिली दोन कुटुंबं फोन आल्यासारखं करून उठली. जांभा दगड तयार व्हायला लागला तेव्हा मागची रांग वाकून पसार झाली. आप्पा पोर्तुगीजांपर्यंत पोचले तोवर बाकीच्या गाड्या भाट्याच्या किनाऱ्याकडे वळल्या होत्या. तिथे वाळू आहे, शहाळी आहेत आणि भाषण नाही. ओहोटी लागली. मोकळ्या कातळावर कमळा आणि बायका कोयते घेऊन उतरल्या.

पावसाळ्याआधीच रील करणाऱ्यांनी दुसरं काहीतरी शोधलं. फुंकणीबद्दल नेटवर एवढंच दिसायचं, 'जागा छान, पण वेळ काढून जा.' त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

मैमुना खूष होती, पण एका संध्याकाळी आप्पा खुर्च्या आवरत म्हणाले, "लोक चांगले येतात गो. पण शेवटपर्यंत कोणी थांबत नाही. शेवटच तर गोड आहे."

ते तिला लागलं. दुसऱ्या दिवशी ती कमळाला ओढत घेऊन आली आणि दोघी पहिल्या रांगेत बसल्या. पृथ्वी तापली, निवली, जांभा झाला, पोर्तुगीज आले, गेले. कमळाने मध्ये दोनदा डुलकी काढली. अखेर आप्पा या वाडीवर, कालवं काढणाऱ्या बायकांवर आणि कमळाच्या आजीवर आले. आजीने एकदा बुडती होडी ओढून काढली होती, ते कमळालासुद्धा ठाऊक नव्हतं. तिने डोळ्यांना पदर लावला.

मैमुनाने मनापासून टाळ्या वाजवल्या आणि सवयीने, चांगल्या श्रोत्याने विचारावा तसा, एक प्रश्न विचारला, "पण आप्पा, ती होडी इथे आलीच कशी?"

आप्पांचा चेहरा उजळला. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"त्याचं असं आहे," ते म्हणाले, "त्यासाठी आधी वारा म्हणजे काय, ते समजून घ्यायला हवं."

कमळाने मैमुनाला सणसणीत चिमटा काढला.