थर्मामीटरकाकूंचा उजवा तळवा

“करा पातळ, अजून पातळ करा. मग गिऱ्हाइकांच्या मांड्या शेकून निघाल्या की या माझ्याकडं मलम मागायला,” लॅपटॉपच्या कळांवरचा उजवा तळवा न उचलता काकूंनी इंजिनिअरला सुनावलं.

पडद्यावर लढाई जुंपली होती. एक शिपाई भिंतीवरून उडी मारायचा, गोळ्या खायचा, रक्त ओकत पडायचा, की पुन्हा भिंतीवर हजर. गेम खेळायच्या या महागड्या लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड भराभर चित्रं काढताना किती तापतं, हे बघायला तेवढाच तुकडा दिवसभर फिरत राही. आकडे यंत्र सांगे. हाताला कुठं सोसेनासं होतं, ते काकू सांगत. अर्ध्या अंशाचा फरक त्यांना कळे, म्हणून सारा कारखाना त्यांना थर्मामीटरकाकू म्हणे. नवरा गेल्यावर याच तळव्याच्या जोरावर त्यांनी लेक वाढवली होती.

“डावीकडं चटका बसतोय. पंख्याच्या हवेची वाट बदला.”

“काकू, महिन्याभरात हा लॅपटॉप बाजारात जायचाय हो.”

“मग मला काय शोभेला बसवलंय?”

तेवढ्यात लेक दारात उभी राहिली. ओठ फाटलेला, एक डोळा सुजून मिटलेला. काकूंनी तिच्या गालाला तळवा लावला. मार ताजा होता, तासही उलटला नव्हता. याआधी दोनदा त्यांनीच तिला “होतं संसारात” म्हणून परत धाडलं होतं. परक्याला चटका बसू नये म्हणून इंजिनिअरशी भांडणारी बाई, आणि स्वतःच्या पोरीला हे सांगून बसली होती.

“आई, या वेळी परत जा म्हणू नकोस.”

मागोमाग जावई आला. आल्या आल्या त्यानं तिचे केस मुठीत धरले. इंजिनिअर मधे पडला, तर छातीत गुद्दा खाऊन खुर्चीसकट उलटा झाला. जावयानं पोरीचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं.

“आई, तुम्ही बाजूला व्हा. हे आमच्या घरातलं आहे.”

“बरं,” काकू म्हणाल्या.

शेजारी एक लॅपटॉप खालचं झाकण काढून उताणा चालू होता. उष्णता वाहून नेणारी आतली तांब्याची पट्टी शंभर अंशाला टेकलेली. काकूंनी जावयाच्या मोकळ्या हाताचं मनगट धरलं आणि पंजा त्या पट्टीवर दाबला. तो सटकायला लागला तसा त्यांनी अंगाचा सगळा भार वर टाकला. त्यांचाही अर्धा उजवा तळवा पट्टीवर होता. जावई गुरासारखा ओरडला. मुठीतले केस सुटले.

“यंत्रालासुद्धा कळतं, फार तापलं की हात आवरायचा,” काकू म्हणाल्या, आणि मगच त्यांनी सोडलं.

पंधरा दिवसांनी त्या कामावर आल्या. लेक बाहेरच्या बाकावर त्यांचा डबा सांभाळत बसली.

“घ्या, तुमच्या म्हणण्याप्रमाणे पंख्याच्या हवेची वाट बदलली,” इंजिनिअरनं लॅपटॉप पुढं सरकवला.

काकूंनी गुळगुळीत, गुलाबी झालेला तळवा कळांवर ठेवला. शिपाई पडला, उठला, पुन्हा पडला.

“कसं वाटतंय, काकू?”

त्यांनी उजवा हात हळूच मांडीवर घेतला आणि डावा कळांवर टेकवला.

“या डाव्याला शिकवायला दोन महिने जातील. घाई असेल तर दुसरं माणूस बघा.”

इंजिनिअरनं लॅपटॉप थोडा डावीकडं सरकवला.