आग्रहाच्या घरातला फ्लॉगर

मी एक जुना फ्लॉगर आहे. मित्रांनो, नाव इंग्रजी आहे म्हणून बिचकू नका, आणि मला चाबूकही म्हणू नका. चाबूक जनावरांवर चालतो, मी नाही. वीतभर लाकडी मूठ आणि तिला बांधलेला मऊ चामड्याच्या पट्ट्यांचा झुपका, एवढंच माझं रूप. दोन मोठ्या माणसांना आपल्या खाजगी सुखात थोडा धपका, थोडी झणझण हवी असेल, आणि ती दोघांनाही मनापासून हवी असेल, तर त्यांच्यासाठी मी. म्हणजे ही कहाणी मोठ्यांचीच. घरात मुलं असतील तर हे पुस्तक वरच्या फळीवर ठेवा.

माझा जन्म विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या एका गाळ्यात झाला. रसिका तिथे पर्स आणि पट्टे शिवायची आणि मागणी आली की आमच्यासारख्यांना घडवायची. बाई भारी चोखंदळ. माझी प्रत्येक पट्टी तिने कडेकडेने बोटाने चाचपली, टोकं गोल केली, मग मला स्वतःच्या मांडीवर मारून बघितलं. जरा कुठे टोचलं की पुन्हा घासायला घेई. मला तेव्हा तिचा राग यायचा, पण इतकी वर्षं माझी एकही पट्टी निसटली नाही ती तिच्याच किटकिटीमुळे.

मला न्यायला निशिगंधा आणि नयन आले. दिवा स्टेशनजवळ राहणारं, चाळिशीकडे झुकलेलं नवराबायकोचं जोडपं. ती ठाण्यात एका लॅबमध्ये कामाला, तो डोंबिवलीत एसी दुरुस्त करणारा. कल्पना निशिगंधाची होती आणि लाजत होता नयन. तरी त्याची नजर गेली ती भिंतीवरच्या पातळ, वेणी घातलेल्या भाऊबंदाकडे.

"तो नको," रसिका म्हणाली. "पातळ आणि कडक असेल तेवढं जास्त झोंबतं. नेम चुकला तर वळ उठतो. सुरुवातीला रुंद, मऊ पट्ट्या घ्या. दिसायला दांडगं वाटतं, पण अंगावर मार पसरतो."

मग तिने मला नयनच्या हातात दिलं आणि त्यालाच स्वतःच्या मांडीवर मारायला लावलं.

"आधी स्वतःवर, मग उशीवर. हात बसला की मग हिच्यावर. जिथे मांस आहे तिथेच, कुल्ले आणि मांड्यांची मागची बाजू. मणका, मान, चेहरा, सांधे, कमरेच्या वर किडनी असते ती जागा, तिकडे कधीच नाही. दोघांतलं कोणी प्यायलं असेल त्या दिवशी नाही. आणि एक परवलीचा शब्द ठरवून ठेवा. तो आला की सगळं जागच्या जागी बंद."

"शब्द कशाला?" नयन हसला. "ती पुरे म्हणाली की मी थांबणारच ना."

निशिगंधाही हसली. रसिका हसली नाही, तिने मला कागदात गुंडाळून दिलं.

मित्रांनो, त्या घरातले माझे पहिले महिने मी कधी विसरणार नाही. रविवारी दुपारी सगळी बिल्डिंग जेवून लवंडली की माझी पाळी यायची. नयनचा हात एसीच्या नाजूक नळ्या हाताळून तयार झालेला. सुरुवातीला तो मला तिच्या पाठीवरून नुसता फिरवायचा. मग हलके फटके, आणि मध्येच थांबून, "ठीक आहेस ना?" ती "हां" म्हणाल्याशिवाय पुढचा फटका नाही. झालं की तिच्या अंगावर चादर, हातात पाणी, आणि तिला बोलावंसं वाटेपर्यंत तिच्या शेजारी बसून राहणं. एवढ्या मायेने मारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी दुसरा माणूसच पाहिला नाही हेही खरं. चामडं घाम पिऊन बसतं, धुऊन पुरतं स्वच्छ होत नाही, त्यामुळे आम्ही एकाच माणसाच्या अंगाला लागावं अशी रीत आहे. नंतर तो मला ओलसर फडक्याने पुसून सावलीत टांगायचा.

आणि अशा माणसाच्या हातून चूक झाली.

नयनचं घराणं जुनं आगरी. त्यांच्याकडे ताटावर बसलेला माणूस पहिल्यांदा "पुरे" म्हणाला की भाकरी हमखास येते. दुसऱ्यांदा म्हणाला तर अर्धी येते. ताटावर आडवा होऊन दोन्ही हात पसरले तरी वाढणारा बोटांच्या फटीतून रस्सा ओतून जातो. नयन तर हळदीच्या जेवणात वाढायला मुद्दाम बोलावला जाणारा गडी. त्या रविवारी निशिगंधा "पुरे" म्हणाली, आणि त्याने हसत हसत, अगदी प्रेमाने, अजून एक वाढला. मी त्याच्या मुठीत होतो, मी काय करणार?

तिला लागलं नव्हतं. ती उठली, गाऊन घातला आणि ओट्याशी जाऊन उभी राहिली.

"अगं, एकच तर," नयन म्हणाला.

"मी पुरे म्हटलेलं."

"मला वाटलं, आपण म्हणतो ना नेहमी, तसं."

"जेवताना तू माझ्यासमोर असतोस, नयन. इथे मी तुझ्याकडे पाठ करून असते."

त्याचा चेहरा पडला. त्याने माफी मागितली, पुढेही पुष्कळदा मागितली. ती "झालं ते" म्हणायची आणि खरंच रागावलेली नसायची. पण तिने मला प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून पलंगाखालच्या बॅगेत टाकलं. वरून त्यांचं सगळं छान चाललं होतं. पाण्याच्या टँकरवरून दोघं मिळून सोसायटीशी भांडत होते. फक्त स्वयंपाक करताना नयन मागून आला की ती वळून उभी राहायची, पावलांच्या आवाजावरून मला ते कळायचं. मला बुरशी चढली त्याचं मला इतकं वाटलं नाही. ही बाई या माणसाकडे पुन्हा कधी निवांत पाठ करेल का, याचीच मला काळजी लागली होती.

मग एके दिवशी नयनची आत्या ठमाबाई जेवायला आली. घर एका खोलीचं, त्यामुळे बॅगेत मला सगळं ऐकू येत होतं. मटण होतं, तांदळाच्या भाकऱ्या होत्या, वाढायला अर्थातच नयन.

"पुरे," निशिगंधा म्हणाली.

भाकरीच्या टोपलीचा आवाज थांबला.

"आरं, वाढ की अजून एक," ठमाबाई म्हणाली. "बायकोला आग्रह कराला लाजतंस काय?"

"ती पुरे म्हणाली, आत्या."

"पुरे तं समदीच म्हणतात."

"हिचं पुरे म्हणजे पुरे," नयन म्हणाला आणि टोपली घेऊन ओट्याकडे गेला. आत्या त्याच्यावर रुसली आणि जाईपर्यंत त्याला टोमणे मारत राहिली. त्याने ते मुकाट ऐकून घेतले. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

पुढच्या रविवारी निशिगंधाने मला बाहेर काढलं, पांढरी बुरशी पुसली, खिडकीत वाऱ्यावर टांगलं.

"नको असेल तर टाकून देऊ या," नयन म्हणाला.

"मला हवंय. पण पुरे, नको, बस, यातला एकही शब्द चालणार नाही. आपल्याला त्यांची सवय वाईट आहे." तिने थोडा विचार केला. "टेंभी नाका."

"मधेच ठाण्यातला टेंभी नाका?"

"म्हणूनच. दुसऱ्या कशासाठी मी तो इथे म्हणेन का?"

ती पालथी झाली. नयनने मला उचललं. तिच्या अंगाला मी जेमतेम टेकलो असेन.

"टेंभी नाका," ती म्हणाली.

मी तत्क्षणी गादीवर पडलो. त्याने चादर ओढून तिच्यावर घातली, पाणी आणलं आणि खाली बसला. "काय झालं? कुठे लागलं?"

"कुठेच नाही. बघत होते."

मला वाटलं तो चिडेल. निदान हसेल तरी. तो म्हणाला, "बघ. पाहिजे तितक्यांदा बघ."

निशिगंधा पाणी प्यायली, तिने पेला त्याच्या हातात दिला आणि पुन्हा त्याच्याकडे पाठ केली.

मित्रांनो, मला कोरडं ठेवा, सावलीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये कोंबू नका. माझी एवढी निगा पुरते. बाकी सगळी काळजी घ्या ती तुमच्याकडे विश्वासाने वळलेल्या पाठीची.